ऑपरेटरबाईंचं उद्यापन

मेहकरात दवाखान्यासाठी जागा शोधत होते, तेव्हा बसस्टँडमागच्या गल्लीतलं एक घर कुणीतरी दाखवलं. खाली रस्त्याला लागून मोठी खोली, वर मालकीण एकटी. जिना चढून दार वाजवलं, तर आतून आवाज आला, "बोला!" मी बाहेरूनच बोलायला लागले. नाव, गाव, फिजिओथेरपीची पदवी, जागा कशाला हवी, सगळं सांगून टाकलं. दार काही उघडेना. माझं सांगण्यासारखं सगळं संपत आलं तेव्हा आतून पुन्हा आवाज आला, "तीन मिनिटं झाले. वाढवायचं का?" आणि मग दार उघडलं. किरकोळ अंगाच्या, साठी ओलांडलेल्या, मान डावीकडे कलती ठेवणाऱ्या बाई समोर उभ्या होत्या. "जानेफळची ना तू? ये," म्हणाल्या.

बाई टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या. हातानं फोन जोडायचा जमाना होता तेव्हा मेहकरच्या एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसायच्या. त्या काळी बाहेरगावचा कॉल तीन मिनिटांचा असे आणि तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्येच विचारायची, वाढवायचा का म्हणून. बोर्ड जाऊन जमाना झाला, पण बाईंचं विचारणं गेलं नाही. भाजीवाल्यापासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांना तोच नियम. कुणाच्या घरी गमी झाली तरी बाई तीन मिनिटं बसत आणि उठत. लोकांना राग येई. दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा हजर, पुन्हा तीन मिनिटं. तेराव्यापर्यंत असं रोज जाणारं गावात दुसरं कुणी नव्हतं, हे मात्र रागावणाऱ्यांच्या ध्यानात येत नसे.

दुसरा प्रकार म्हणजे गावातली माणसं त्यांना जुन्या फोन नंबरानं ठाऊक. "चौतीसच्या सुनेले पोरगी झाली." "बारा नंबर आज सत्यनारायणाले गेले." ही माणसं कोण, हे समजून घ्यायला मला बरेच महिने लागले. चौतीस म्हणजे समोरचे कापडवाले. बारा नंबर म्हणजे देवळामागचे गुरुजी, त्यांच्या वडलांच्या वेळचा फोन. माझा काही नंबर असायचं कारण नव्हतं. मी जन्मले तोवर बोर्ड गेलेलं होतं. म्हणून मला त्या गावाच्या नावानं हाक मारत, ट्रंक कॉल लावल्यासारखी, जिन्यावरून: "जानेफळ! जानेफळ, बोला!" माझे पेशंट आधी दचकत, मग हसत.

मी राहायला गेले तेव्हा बाईंना दुखणं लागून काही वर्षं झाली होती. दुखणं कुठलं म्हणाल तर सगळंच. खांदे, कंबर, मांड्या, तळवे. सकाळी उठत त्या रात्रभर कुणी बडवून काढल्यासारख्या. झोप लागे, पण झोपल्यासारखं वाटत नसे. परकराची नाडीसुद्धा कंबरेला सोसत नसे. आणि तपासण्या केल्या की सगळं नॉर्मल. रक्त नॉर्मल, हाडं नॉर्मल, फोटो नॉर्मल. आपल्याकडे कागदावर दुखणं दिसलं नाही की ते माणसाच्या स्वभावात शोधतात. चौतीसच्या सासूबाई माझ्याच दवाखान्यात गुडघा शेकता शेकता म्हणाल्या, "काल पाय दुखे, आज पाठ दुखते, उद्या केस दुखतीन तिचे. एकटी बाई, कामधंदा नाही, दुसरं काय?" मला इतका संताप आला की शेक जरा जास्तच गरम झाला. कारण बाईंचे केस खरंच दुखत. वेणी घालताना टाळूला हात लावू देत नसत.

पण सगळ्यात वाईट निराळंच होतं. एका दुपारी बाई घाईघाईनं खाली आल्या. चेहरा उतरलेला. "जानेफळ, अठ्ठावन्न कोणाचा होता वं?" मी काय सांगणार? त्या तिथल्याच खुर्चीवर बसल्या आणि रडल्या. अंग दुखतं ते दुखू दे, पण हे काय होऊन राह्यलं, म्हणाल्या. ज्या डोक्यात सगळं मेहकर नंबरवार बसलेलं होतं त्या डोक्यात धुकं शिरलं होतं. त्या दिवशी मला त्यांची फार माया आली.

दुखण्याचं नाव संभाजीनगरच्या एका डॉक्टरांनी सांगितलं. ते बाईंनी मला खराब लाइनीवर सांगतात तसं सांगितलं: "फलटणचा फ, यवतमाळचा य, बुलडाण्याचा ब..." मी म्हटलं, "मावशी, फायब्रोमायाल्जिया." त्या म्हणाल्या, "हाव, तेच. पण काऊन होते ते?"

हे 'काऊन', म्हणजे 'का', त्यांनी सोडलंच नाही. मी माझ्या परीनं सांगितलं. चिकनगुनिया झाला होता तुम्हाला, त्यानंतर सुरू झालं, तर त्याचा हात असेल. इतकी वर्षं रात्रपाळी केली, झोपेचं खोबरं झालं, त्याचाही असेल. तुमच्या आईला असंच अंग धरायचं म्हणता, तर घराण्यात असेल. भाऊ अचानक गेला, त्याचं पोरगं तुम्ही बारावीपर्यंत सांभाळलं, तो ताणही अंगात कुठे जातो? बायकांना हे जास्त होतं. "यातलं नेमकं कोणतं?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, "ते कोणालाच सांगता येत नाही, मावशी. एवढं कळलंय की दुखणं खोटं नाही, आणि अंगात कुठं मोडतोडही नाही. मेंदूत दुखण्याची जी खबर पोचते ना, तिथंच सगळं तिखट झालंय. साधा स्पर्श गेला तरी दुखलं म्हणून वर्दी जाते."

 बाईंचे डोळे लकाकले.

"अवं, हे तं आमच्या बोर्डाचं झालं!" म्हणाल्या. "एका पावसाळ्यात बोर्डाले ओल लागली. कोणी फोन उचलला की त्याच्या नंबराचं शटर खाली पडे, तवा आम्ही विचारू, नंबर काय पाहिजे. तं त्या वर्षी शटरं आपोआप पडून राह्यले! कोणी फोन उचलला नाही अन् शटर खाली. मी आपली याले विचार, त्याले विचार. लाइनमन खांब खांब फिरून आला. म्हणे, बाई, लाइनी सगळ्या ओके. साहेब म्हणे, बाईले भास होतात."

"मग?"

"मग काय! एक दिवस साहेबच बसले बोर्डावर, तवा कळलं त्यायले. बोर्डाच्या आत एक बल्ब लावून ठेवला, रोज पेटता. उबेनं हळूहळू ओल गेली. एकदम नाही, हळूहळू. बल्ब काढला का पुन्हा शटरं पडत. तो बल्ब मग बोर्ड जाईपर्यंत होता."

मी मनातल्या मनात टाळी वाजवली. पुस्तकातली पानंच्या पानं वाचून मला जे धड सांगता आलं नव्हतं, ते बाईंनी स्वतःच स्वतःला सांगितलं होतं. म्हटलं, "मावशी, तुमचा बल्ब म्हणजे व्यायाम. थोडा, पण रोज. औषधं डॉक्टरांची चालू राहू द्या, पण या दुखण्यात हळूहळू वाढवलेल्या चालण्याचा सगळ्यात मोठा आधार आहे." त्या म्हणाल्या, "ज्याले उठवत नाही त्याले चाल म्हणतं तू?" तरी पटलं असावं. निदान मला तसं वाटलं.

पटवून घ्यायला त्यांना कारणही होतं. भावाचा तो पोरगा आता पुण्यात चांगल्या नोकरीवर. बाई त्याला 'पुणे' म्हणत. मोबाइल त्यांनी घेतला नव्हता; घरातला फोन वाजून गेला की सांगत, "पुण्याचा फोन होता." पुण्याचं म्हणणं एकच, आत्या एकटी राहू शकत नाही, घर बंद करायचं आणि तिला इकडे आणायचं. त्यानं तिच्यासाठी खोली तयार ठेवली होती, पडदेसुद्धा लावले होते. पोरगा वाईट नव्हता, हेच अवघड होतं. वाईट असता तर बाईंनी त्याला तिसऱ्या मिनिटाला तोडलं असतं. "तिथं मी पाहुणी," त्या मला म्हणाल्या. "इथं दुखलं तं माझ्या घरात दुखते. तिथं दुखलं तं त्यायच्या घरात दुखन. मग सगळ्यायचं तोंड पाहात बसा."

तर देवशयनी एकादशीला बाईंनी चालणं सुरू केलं. माप त्यांचंच, एक कॉल. दारातून कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत आणि परत. मग बसायचं. मग पाण्यानं भरलेले दोन तांबे घेऊन हात वर-खाली करायचे. पहिले काही आठवडे दुखणं वाढलं. बाई जिन्यावरून ओरडत, "हा उपाय आहे का शिक्षा?" मी सांगे, सुरुवातीला थोडं वाढतं, त्यानं नुकसान नाही, फक्त दमाल इतकं करू नका. बरा दिवस असला की त्यांना वाटे आजच देवळापर्यंत जाऊन यावं. "वाढवायचं का?" त्या उत्साहानं विचारत. "नाही," मी म्हणे. वाईट दिवस असला की वाटे आज नकोच. तेव्हाही मी नाहीच म्हणे. मी नाही म्हणण्याची फी घेते असं त्यांनी गल्लीत सांगितलं.

पण फरक पडला. श्रावणात त्या गिरणीच्या पुढं गेल्या. नवरात्रात देवळापर्यंत. पांढरे कॅनव्हासचे बूट, नऊवारी नव्हे पण चांगली पाचवारी साडी, मान डावीकडे, आणि वाटेत जो भेटेल त्याला नंबरानं हाक. झोप लागायला लागली. एका सकाळी खाली येऊन म्हणाल्या, "अठ्ठावन्न तहसीलवाल्यायचा होता." मला काहीतरी बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं.

कार्तिकी एकादशी झाली. द्वादशीला बाईंनी मला जेवायला बोलावलं. पुरणाचा स्वयंपाक, पाच सवाष्णी, बारा नंबरचे गुरुजी. बाईंनी स्वतः पुरण वाटलं होतं, हे पाहून मी खूश. जेवणं झाल्यावर गुरुजींना दक्षिणा दिली आणि वर एका ताटात, तुळशीचं पान ठेवून, कोरे कॅनव्हासचे बूट. गुरुजींनी ते अगदी सहज घेतले. मीही त्यात काही पाहिलं नाही. तिसरी पोळी संपवत होते.

त्यानंतर बाई चालायला निघेनात. मला वाटलं, पुरणाचा थकवा. चार-पाच दिवसांनी विचारलं तर त्या माझ्याकडे नवल वाटून बघायला लागल्या.

"नेम संपला ना वं. चातुर्मासाचा होता. उद्यापन झालं."

"कसलं उद्यापन?"

"कसलं म्हणजे? तू तं जेवली की!"

मी डोक्याला हात लावला. चातुर्मासात कुणी वांगं सोडतं, कुणी गोड सोडतं, आणि संपताना सोडलेल्या वस्तूचं दान करून नेम उतरवतं. बाईंनी चालणं धरलं होतं, म्हणून बुटांचं दान. सगळं शास्त्राला धरून. मी सांगितलं, भांडले, त्या बल्बाची आठवण दिली. त्या म्हणाल्या, "तो सरकारी बल्ब होता. हा माहा नेम आहे. उद्यापन झाल्यावर पुन्हा तेच करत बसणं म्हणजे देवाले खोटं पाडणं. अन् आता बरं आहे मले. कशाले?"

पौषात थंडी पडली आणि दुखणं परत आलं, पहिल्यापेक्षा जोरात. एका सकाळी मी हाका मारल्या तर वरून नुसतं कण्हणं ऐकू आलं. बाईंना उठून दाराची कडी काढता येईना. शेजारच्या गच्चीवरून माणूस उतरवावा लागला. मीच पुण्याला फोन केला. करणं भागच होतं.

तो संध्याकाळपर्यंत गाडीनं आला. आत्याच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा रडला. "आत्या, आता तरी ऐक. रात्री फोन वाजला तरी मला धस्स होतं." बाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.  शेवटी त्याच्या पोरांच्या परीक्षा संपल्या की उन्हाळ्यात न्यायचं ठरलं. तोवर मी वर लक्ष ठेवायचं. दुसऱ्या दिवशी तो गेल्यावर बाई छताकडे पाहत म्हणाल्या, "घराले कुलूप लागन आता." इतकं वाईट वाटलं मला की खाली येऊन दवाखाना लवकर बंद केला.

संताप काढायला कुणी हवं होतं, म्हणून मी गुरुजींकडे गेले. ते देवळाला फेऱ्या मारत होते. पायात तेच बूट. "मस्त आहेत हो, डॉक्टरीणबाई, टाच दुखत नाही," म्हणाले. मी सगळा प्रकार सांगितला. आधी ते पोट धरून हसले. मग एकदम गंभीर झाले आणि त्याच बुटांत माझ्याबरोबर निघाले.

बाईंनी त्यांना पडल्या पडल्या नमस्कार केला. गुरुजींनी विचारलं, "बाई, तुम्ही रोज देवाले आंघोळ घालता?"

"हाव. हात दुखला तरी."

"त्याचं उद्यापन केलं का कधी?"

"त्याचं कायचं उद्यापन? ते रोजचं."

"मग चालणं बी रोजच्यात टाका. व्रत आपण काही मागाले करतो. ते पुरं होते, त्याले उद्यापन असते. नित्याचं जे आहे, त्याले नसते."

बाईंनी विचार केला. "म्हणजे मरेपर्यंत?"

"हाव."

"अन् मधात एखाद दिवस चुकलं तं?"

"देवपूजा चुकली तं दुसऱ्या दिवशी करता का नाही?"

  बाई जरा चिडूनच म्हणाल्या, "हे आधी काऊन नाही सांगितलं, बारा नंबर? मी इतकं पुरण वाटलं ना!"

गुरुजी बूट परत द्यायला निघाले, पण दिलेलं दान परत घेणाऱ्यांतल्या बाई नव्हत्या. मी मेहकरच्या बाजारातून नवी जोडी आणली. सुरुवात पुन्हा गिरणीपासून, किंबहुना गिरणीच्याही अलीकडून. ज्या बाई देवळापर्यंत जाऊन आलेल्या, त्यांना चौतीसच्या पायरीशी बसावं लागे, आणि सासूबाई वरून बघत असत. मला वाटलं होतं, लाजेनं सोडतील. पण कट झालेला कॉल पुन्हा पहिल्यापासूनच लावावा लागतो, असं त्या स्वतःच म्हणाल्या. आणि एक दिवस पाहते तर पायरीवर सासूबाईही बसलेल्या, त्यांच्या त्या गुडघ्यासह. दोघी मिळून उठल्या आणि गिरणीकडे निघाल्या. वाटेत काय बोलल्या ते देव जाणे. पण केसांचा विषय त्यानंतर माझ्या दवाखान्यात निघाला नाही.

होळी झाली, ऊन चढलं. बाई आता उजाडतानाच निघत. काही दिवस चांगले जात, काही फार वाईट. वाईट दिवशी त्या अर्ध्यातून परत येत, चिडचिडत, पण जाऊन येत.

ठरल्याप्रमाणे पुतण्या आला. या वेळी गाडी दुरुस्तीला होती, म्हणून एसटीनं. परतीची सकाळच्या बसची दोन सीटं रिझर्व्ह करूनच आला होता. बाईंनी त्याच्याशी वाद घातला नाही. जेवण वाढलं, घरातल्या गोष्टी विचारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई साडी नेसून, हातात कापडी पिशवी घेऊन तयार.  इतकं करून बाईंनी हात टेकले, असं वाटलं. एवढ्या चांगल्या पोराला नाही म्हणणं त्यांच्यानं झालं नसेल. मी त्यांच्याबरोबर स्टँडवर चालत गेले.

बस लागली. पुतण्या आधी चढला. बाईंनी पिशवी काखेत मारली, दांडा धरला आणि एसटीच्या त्या उंच पायऱ्या चढून गेल्या. खिडकीजवळच्या सीटवर बसल्या. पाठ टेकून पाहिली. खिडकीची काच सरकवून पाहिली. मग उठल्या आणि पिशवी सीटवर ठेवली.

"सीट चांगली आहे," त्या म्हणाल्या. "पिशवी नीट ठेव इथं. पोळ्या आहेत, ठेचा आहे, पोरायसाठी शेवाया आहेत."

"आत्या, हे काय?"

"दिवाळीले येईन मी. पाहुणी म्हणून येईन, चार दिवस राहीन. ते पडदे पाहीन."

"दुखतं ना तुला अजून?"

"दुखते ना. काल बी दुखलं. तरी इथं आलो का नाही चालत?"

कंडक्टरनं घंटी मारली. बाई दाराशी आल्या. मी उतरवून घ्यायला हात पुढं केला, पण त्यांचं लक्ष पायऱ्यांकडे होतं. एक एक पायरी बघत, दांडा धरून, त्या माझ्या हाताच्या बाजूनं खाली उतरल्या. बस हलली. पुतण्यानं खिडकीतून डोकं काढलं. त्याचे डोळे भरलेले होते, पण तो हसतही होता.

"आत्या, निदान फोन केला की लगेच उचलत जा!"

बाईंनी पदर खोचला.

"घरी असीन तं उचलीन," म्हणाल्या.